आखाडात मी मान खाली घातली

न्हावऱ्याला, माहेरी, आमच्याकडं गाय वळूकडून फळवायची वेळ आली की आई मला घरात पिटाळायची. "आत हो! हे काय पोरींनी बघायचं हाय का?" मी खिडकीतून बघायचेच. गाय डोळे पांढरे करायची, पाय लटपटायचे, आणि बाप्ये तिला दोन्हीकडून दाबून धरायचे. ह्या विषयातलं माझं शिक्षण एवढंच. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं त्यात एक भर घातली, "ते म्हणतील तसं वागायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा न्हाई." झालं, सुटली बाई जबाबदारीतून!

नवरा दौंडला रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलायचं काम. कॉलनीत एका खोलीचं क्वार्टर. त्यांनी नुसता हात धरला तरी मला दरदरून घाम फुटायचा. एकदा तर मी उठून मोरीत जाऊन बसले आणि आतून कडी लावली. बाहेरून ते म्हणाले, "अगं, बाहेर ये की. मी काय वाघ हाय का? तुला जवा वाटंल तवा." त्या दिवसापासून ते खाली चटई टाकून झोपायला लागले. ड्यूटीवरून येताना स्टेशनवरची भेळ आणायचे, यार्डातल्या गमती सांगायचे. मला वाटलं, सुटले. त्यांच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मला शिवलाही नाही.

मग आखाड लागला. नव्या नवरीला आखाडात सासरी ठेवत नाहीत, महिनाभर माहेरी पाठवतात. वडील आले आणि एसटीनं मला घेऊन गेले. चौथ्या दिवशी मी आणि चुलती कांदा निवडत बसलो होतो. चुलतीनं आधी पाळीचं विचारलं. आली, म्हटलं. तशी ती जवळ सरकली.

"दोन महिने झालं लग्नाला. जवळ येत्यात ना जावई?"

मी पुढचा कांदा उचलला.

"त्यांच्यात काय कमी हाय का गं?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता. मग तुझ्यात काय? म्हणून मी मान खाली घातली आणि सडके कांदे बाजूला काढत राहिले. आता आमच्यात पोरीनं मान खाली घातली की होकार धरतात. माझं लग्नसुद्धा असंच ठरलं होतं. वडिलांनी विचारलं, मी मान खाली घातली, आणि सुपारी फुटली. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

दिवेलागणीच्या आत आई रडायला लागली, पोरीचं वाटोळं झालं म्हणून. वडिलांनी दौंडला निरोप धाडला. निरोप कसला, बोभाटाच! यार्डात ह्यांना माणसं विचारायला लागली, "काय राव, सिग्नल पडंना व्हय?" हे मला मागाहून कळलं. पण अंदाज होता ना मला! अख्खा महिना माझ्या हातात होता. रोज सकाळी ठरवायचे, आज आईला खरं सांगायचं. आणि रोज भाकरी थापता थापता धीर सुटायचा. एका माणसाची अब्रू चालली होती आणि मी तिन्ही त्रिकाळ गिळत होते.

आखाड सरला आणि आमच्या ओसरीवर बैठक बसली. आमचे वडील, चुलते, भावकीतले आप्पा. त्यांच्या बाजूनं सासरे, सासऱ्यांचे मेहुणे आणि हे. बायका दाराआड. आप्पा म्हणाले, "फसवलंत आम्हाला. सोडचिठ्ठी द्या, विषय मिटवा." सासऱ्यांची मान वर होत नव्हती. तेव्हा हे बोलले, "कुठल्या बी डॉक्टरकडं न्या. मी यायला तयार हाय."

एवढंच. 'तीच जवळ येऊ देत नाही' हे शब्द त्यांनी काढले नाहीत. काढले असते तर ते सुटले असते आणि मी मेले असते.

मी उंबरा ओलांडला. आईनं पदर धरला, तो हिसडला. म्हटलं, "त्यांच्यात काय बी कमी न्हाई. मीच त्यांना हात लावू दिला न्हाई. मला भ्या वाटतं." वडील ओरडले, "आत हो!" आप्पा छपराकडं बघायला लागले. सासऱ्यांचे मेहुणे तेवढे शांतपणे म्हणाले, "मग महिनाभर गप का बसलीस, बाई?" मी आत जाऊन माझी पिशवी भरली.

त्याच दिवशी आम्ही दौंडला आलो. पुढचे कित्येक दिवस ते कामापुरतंच बोलले. शेवटी मीच म्हटलं, डॉक्टरीणबाईकडं जाऊ. त्या बाईनं कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. म्हणाली, "भीती वाटली तर थांबा म्हणायचं. बरं वाटलं तर तेही सांगायचं." मी म्हटलं, "अगंबाई! असलं बाईनं म्हणायचं?" ती म्हणाली, "मग काय शेजारणीनं म्हणायचं?" हे खुर्चीत बसल्या बसल्या हसले. परत आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

थांबा म्हणायला मी लवकर शिकले, आणि ते थांबायचे. दुसरं म्हणायला दिवाळी उजाडली. एका सकाळी नाइट करून ते घरी आले, तेव्हा मीच त्यांचा हात धरला. घाम आला नाही. मला माझंच नवल वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. हे पेढ्याचा पुडा घेऊन यार्डात गेले. मला वाटलं, हौस. ते परत आले तेव्हा पुडा रिकामा होता आणि चेहरा उतरलेला. म्हणाले, "एकेकाच्या हातावर ठेवून आलो. आता तरी बोलायचं बंद व्हतील."

म्हणजे वर्षभर चालूच होतं ते. बैठकीत मी तोंड उघडलं होतं. यार्डातल्या लोकांना कोण सांगणार होतं? आणि ह्यांनी मला कळूही दिलं नव्हतं. पोरीला मांडीवर घेऊन मी रडले, म्हटलं, "मला माफ करा. मी भ्याले हो."

ते पोरीच्या मुठीशी खेळत होते. वर न बघता म्हणाले, "भ्यालीस त्याचं काय न्हाई गं. मी बी भ्यालो व्हतो. पण तू चुलतीपुढं मान खाली घालण्याआधी मला सांगायचंस."