कांताबाईचं कडवं

कांताबाई मोहुर्लेला गिटारवाली गाणी आवडतात, असं पोंभुर्ण्याच्या बाजारात कुणाला सांगितलं तर तो आधी हसतो. बावन्न वर्षांची बाई, पदर कमरेला खोचलेला, धान रोवणाऱ्या सोळा बायांच्या टोळीची म्होरकी. अशा बाईनं भजन ऐकावं, लग्नातली गाणी ऐकावी, हे लोकांना पटतं. रॉक वगैरे शब्द तिनं कधी ऐकलाही नव्हता. तिला आदेश गुरनुले माहीत होता आणि तेवढ्यावर तिचं बारा वर्षं झकास चाललं होतं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

झालं असं, की बारा वर्षांपूर्वी तिनं पहिला मोबाइल घेतला आणि बाजारातल्या लटारूच्या दुकानात मेमरी कार्ड भरायला दिलं. भजनं टाक म्हणाली. लटारू भला माणूस, पण त्याच्या कॉम्प्युटरात सगळी भाजी एकाच टोपल्यात. भजनांच्या मागोमाग आदेशची नऊ गाणी कार्डात शिरली. आदेश म्हणजे चंद्रपूरचा एक पोरगा. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा, खोलीचं दार लावून गिटारवर म्हणायचा आणि रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायचा. आवाज कायमचं पडसं झाल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत रोवणी चालली होती. बांधीच्या कडेला धुऱ्यावर ठेवलेल्या मोबाइलमधून भजन संपलं आणि हा पडशाचा आवाज सुरू झाला. बायांनी नाकं मुरडली. कोण रडून राह्यला म्हणून एकीनं विचारलं. कांताबाई बदलायला गेली असती, पण दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. म्हणून गाणं तसंच वाजत राहिलं, मग दुसरं, मग तिसरं. दुपारी हात धुतल्यावर तिनं मोबाइल उचलला तो बदलायला नव्हे, पुन्हा पहिल्यापासून लावायला. काय आवडलं, हे तिला आजही धड सांगता येत नाही. म्हणते, तो पोरगा खोटं सांगत नाई.

नवव्या गाण्याची गोष्ट मात्र निराळी. ते असं होतं:

दार लोटून निघून गेलो, कडी लावली नाही,
कुठं चाललास विचारलं, तर वळून पाहिलं नाही.
परतून आलो तेव्हा माझी वाट तीच होती,
दार तसंच लोटलेलं, आणि आत...

आणि खल्लास. ‘आत’ म्हणाला की गाणं कटकन तुटायचं. कांताबाईला वाटलं कार्ड बिघडलं. लटारूकडे जाऊन त्याच्याशी भांडून आली. त्यानं शपथ घेतली, इंटरनेटवरच एवढं आहे, सगळ्यांकडे एवढंच आहे.

आता ज्यानं रोवणी केली नाही त्याला यातली अडचण कळायची नाही. बाई वाकून रोप लावते आणि मागे मागे सरकते. सोळा जणी एका ओळीत, एका तालात. गाणं मध्येच तुटलं की ताल तुटतो, एक पुढे राहते, एक मागे, रोपांची पात वाकडी होते. आणि बायांना तेच गाणं हवं असायचं, कारण त्याची चाल पाय मागे टाकायला बरोब्बर पडायची. शेवटी एके दिवशी ‘आत’ आलं तेव्हा कांताबाई न थांबता तोंडाला येईल ते म्हणून गेली:

आत चुलीवर आधण होतं, तांदूळ धुतला होता,
माय म्हणली बस जेवाले, वाटा ठेवला होता.

पात पुरी झाली. बायांनी ते उचललं, त्या माहेरी घेऊन गेल्या, दुसऱ्या टोळ्यांनी घेतलं. बारा वर्षांत चार-पाच गावं ते गाणं तसंच म्हणायला लागली. त्यातलं किती आदेशचं आणि किती कांताबाईचं, हे विचारायचं कुणाला कारणच पडलं नाही.

इकडे आदेशनं गाणं सोडलं होतं. नऊ गाण्यांवर थांबला, चंद्रपुरात कुठल्याशा ऑफिसात नोकरीला लागला. ऐकणाऱ्यांनी पत्रं लिहिली, मेसेज केले, एकालाही उत्तर नाही. पण ऐकणारे सोडतात होय? त्यांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप होता, तीनशेच्या वर माणसं. आलापल्लीचा वनरक्षक, सूरजागडच्या रस्त्यावरचे ट्रक ड्रायव्हर, मास्तर, कॉलेजची पोरं. नवव्या गाण्याच्या ‘आत’पुढे काय होतं, यावर तिथं वर्षानुवर्षं वाद चालायचे. कुणी म्हणे घर रिकामं होतं, कुणी म्हणे त्याची बायको होती. गाणं चुकून कापलं गेलंय आणि खरं कडवं कुठंतरी आहे, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

हा ग्रुप चालवणारी रंजीता, चंद्रपूरची नर्स, यंदा लसीकरणासाठी कांताबाईच्या गावात आली. परतताना बांधीवरून जात होती, तर कानावर नववं गाणं आलं. थांबली. आणि ‘आत’नंतर बाया थांबल्या नाहीत! रंजीतानं मोबाइल काढून रेकॉर्ड केलं, धुऱ्यावरून धावत येऊन कांताबाईला मिठीच मारली. बाई, हे तुमच्याकडं कुठून आलं, म्हणून विचारलं. कांताबाई म्हणाली, आमी पयलेपासून असंच म्हनतो. खोटं नव्हतं ते, पण पुरं खरंही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ग्रुपात दिवाळी झाली. हरवलेलं कडवं सापडलं! रंजीतानं कांताबाईला ग्रुपात घेतलं, कांताबाईची सून चंचल तिला एकेक मेसेज वाचून दाखवायला लागली. कांताबाई चार दिवस चूप राहिली. का, तर तिला बरं वाटलं. आपले दोन शब्द आदेशचे म्हणून लोक कवटाळून राह्यले, याचा मोठा आनंद होतो माणसाला. त्यात लाज कसली?

पाचव्या दिवशी आलापल्लीच्या वनरक्षकाचा बोललेला मेसेज आला. म्हणाला, बारा वर्षं मला वाटायचं आत कुणीच नव्हतं. आज कळलं, आदेशभाऊची माय होती, वाट पाहत होती. ड्यूटीवर रडलो. कांताबाईनं ते दोनदा ऐकलं. हा माणूस आदेशच्या तोंडचं म्हणून रडला होता आणि आदेशनं तर ते म्हटलंच नव्हतं. तिनं चंचलला मोबाइल धरायला सांगितलं आणि बोलली, “ते कडवं त्याईचं नाई. माह्यं आहे. म्याच जोडलं, रोवणीत. मले माफ करा.”

मग काय विचारता. कुणी म्हणालं गाण्याची वाट लावली, कुणी म्हणालं आमच्या भावनांशी खेळ केला. दोघं-तिघं ग्रुप सोडून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रंजीताचा फोन आला. बारा वर्षांत कुणाला उत्तर न देणाऱ्या आदेशनं तिला फोन केला होता. ग्रुपातल्या कुणीतरी पाठवलेलं रेकॉर्डिंग त्यानं ऐकलं होतं. त्याला कांताबाईला भेटायचं होतं. रंजीतानं गावाचा पत्ता दिला होता, तो मंगळवारी येणार होता.

कांताबाईचा जीव टांगणीला लागला. तो येऊन एकच म्हणणार, माझं गाणं म्हणू नका. आणि म्हणाला तर ते ऐकावं लागेल, कारण वस्तू त्याची. मग रोवणीत काय म्हणायचं? दुसरं काही म्हणता येईल, पण बारा वर्षांचं ते गाणं जाईल, या विचारानं तिला दोन दिवस घास गिळवेना. चंचलजवळ ती सरळ बोलून गेली की नवरा गेला त्या साली तेच गाणं म्हणून दिवस काढले, आता ते गेलं तर मी काय करू.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आदेश धुऱ्यावर येऊन उभा राहिला. डोक्याचे केस मागं सरलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात बूट. बाया कामात होत्या. कांताबाई चिखलातून वर आली, हात धुवायचंही सुचलं नाही. दोघं धुऱ्यावर जरा बाजूला बसली.

तो सावकाश बोलला. गाणं कापलं गेलं नव्हतं, त्यानं तिथपर्यंतच लिहिलं होतं. मायशी भांडून तो पुण्याला गेला होता, आठ महिने पत्ता नव्हता दिला. “परत आलो, तर दार लोटलेलंच होतं. आत कोणी नव्हतं, कांताबाई. माय जाऊन अकरा दिवस झाले होते. त्याच्यापुढं मले लिहिता नाई आलं. मग काहीच लिहिता नाई आलं.”

कांताबाईला वाटलं जमीन फाटावी. मेलेली माय आपण बारा वर्षं चुलीपुढं बसवून ठेवली होती, चार गावांच्या तोंडानं.

“मले मालूम नव्हतं, भाऊ,” ती म्हणाली. “मले फक्त पात पुरी कराची होती. तुमी म्हनान त आजपासून बंद.”

एकदा समोर ऐकवा, एवढंच तो म्हणाला. बसून नाई येत ते, असं म्हणत ती उठली आणि बांधीत उतरली.

बायांना या बोलण्याचा पत्ता नव्हता. कांताबाईनं ‘दार लोटून’ उचललं, सोळा जणींनी धरलं. धुऱ्यावरून तोही हळूच म्हणायला लागला, तोच पडशाचा आवाज. ‘आत’ आलं आणि त्याचं तोंड मिटलं. बाया मात्र मोकळ्या गळ्यानं पुढे गेल्या. कांताबाईनं वाकल्या वाकल्या पाहिलं, तो खाली मान घालून बसला होता, खांदे हलत होते. तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं, पण हात चिखलाचे, पुसता येईना.

पात संपली. तो धुऱ्यावरून फिरून बायांच्या जवळ आला आणि परत एकदा ऐकवा म्हणाला. पुढच्या पातीले, कांताबाईनं सांगितलं. पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या फेकून झाल्या, ओळ लागली, गाणं सुरू झालं. या वेळी ‘आत’ आलं तेव्हा धुऱ्यावरचा आवाज थांबला नाही. जरा चाचरला आणि म्हणाला, आत चुलीवर तांदूळ होता...

कांताबाई जन्माची म्होरकी. पात वाकडी झालेली तिला खपत नाही.

“आधी आधण येते, भाऊ,” वर न पाहता ती ओरडली, “मंग तांदूळ. पुन्हा घ्या.”

आणि त्यानं पुन्हा घेतलं.