पेडलवरची वीट

बळीराम गजभिये हुडकेश्वरला आमच्या शेजारी राहायला आले, त्याच आठवड्यात मी त्यांच्याशी भांडायला गेले. त्यांची पांढरी गाडी सकाळी सहाला खोकत, धूर ओकत सुरू व्हायची आणि माझी खिडकी नेमकी तिच्या मागच्या बाजूला. मी तयारीनिशी गेले होते. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, धुरात काय काय असतं ते मला पाठ आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, आवाज आधी येते का धूर आधी दिसते?"

ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"उद्या पाहून सांगा. त्यावरून समजते, बिघाड कुठं आहे ते."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत उभी राहून पाहिलं. आवाज आधी. रविवारपर्यंत त्यांनी जुन्या कूलरचा पत्रा कापून सायलेन्सरला बसवला होता आणि माझं भांडण बारगळलं होतं.

हा माणूस कोराडीच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं फिटर होता. तिथे मोठमोठ्या पंपांना लोखंडी सळईचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि आत काय कुरकुरतंय ते ओळखायचं, ही त्यांची विद्या. घरी सळईच्या जागी लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आला, एवढाच फरक. गाडी २००५ सालची. खिडकीची काच खाली घसरू नये म्हणून तिथे रबरी चपलेचा तुकडा ठोकलेला. हॉर्नचं बटण दारावरच्या घंटीचं. मे महिन्यात इंजिन तापून रस्त्यातच बंद पडायचं, तर पेट्रोलच्या नळीला ओलं फडकं गुंडाळायचं आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. कुठली नळी कधी बदलली ती तारीख ऑइलपेंटने त्या नळीवरच लिहिलेली. बॉनेट उघडलं की एखाद्या शाळेचा फळा पाहिल्यासारखं वाटे.

लोक विचारत, इतका खटाटोप कशासाठी? विकून टाका की. मीही विचारलं होतं, जरा फटकळपणेच. उत्तर होतं पुढच्या डाव्या सीटमध्ये.

त्यांच्या पत्नी कांताबाईंचे गुडघे पूर्ण गेलेले. काठीशिवाय पाऊल नाही. खाली वाकून गाडीत बसणं त्यांना शक्यच नव्हतं. रिक्षात पाय वर घेता येत नाही, बसचं तर नावच काढू नका. बळीरामांनी ती सीट काढून तिच्याखाली लोखंडी पट्ट्यांची चौकट बसवली आणि बांगडीच्या मापाने बांगडी घडवावी तशी त्यांना बसवून-उठवून, पुन्हा बसवून-उठवून, त्यांच्या उंचीला आणली. आता त्या दाराशी उभ्या राहून नुसत्या टेकतात आणि फिरतात. या सीटवर बसून त्या आठवड्यातून दोनदा कोराडीला जातात. तिथे कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून आहे. भाचा कामावर, त्याची बायकोही कामावर. मंगळवारी आणि शुक्रवारी बहिणीला अंघोळ घालायची ती कांताबाईंनीच. दुसऱ्या कोणाचा हात ती बाई लागू देत नाही.

बळीरामांची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. वीजकेंद्रात यंत्रावर काम करणारा माणूस स्वतःच्या नावाची लाल पाटी तिथे अडकवतो. आत कोणाचा हात असताना बाहेरून बटण दाबलं जाऊ नये म्हणून. ज्याने लावली त्यानेच ती काढायची. साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. घरीही त्यांनी तशी पाटी केली होती. काम अर्धवट असलं की ती स्टिअरिंगला लटकायची. मागच्या दिवाळीत त्यांचा मुलगा पियुष पुण्याहून आला होता. त्याने ती पाटी काढून मागच्या सीटवर टाकली आणि गाडी काढायला गेला. बळीरामांनी पाटी उचलली, परत लावली. पियुष स्टेशनला रिक्षाने गेला.

त्याचा राग म्हणा किंवा काळजी म्हणा, पियुषने जाताना वडिलांकडून शब्द घेतला. नोंदणीची मुदत संपत आली होती, गाडीला तपासणीला न्यायचं होतं. "एकदाच, बाबा. नापास झाली तर सरळ भंगारात. पुन्हा दुरुस्ती नाही, पुन्हा तारीख नाही." बळीरामांनी शब्द दिला. दिलेला शब्द हा माणूस फिरवणार नाही, हे पियुषला, कांताबाईंना आणि मलाही ठाऊक होतं.

तारीख मिळाली ती नेमकी शुक्रवारची. तिथून परस्पर कोराडी, असं ठरलं. फॉर्म मी भरले होते, म्हणून मीही मागच्या सीटवर. अर्ध्या वाटेत बळीरामांचा चेहरा बदललेला मला आरशात दिसला. ते ब्रेक दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते.

"काय झालं गा?" कांताबाईंनी विचारलं.

"नरम लागून राहिला."

तपासणीच्या मैदानावर पंधरावीस गाड्यांची रांग होती. आमच्या पुढे दोनच उरल्या. मागच्या गाडीतला एक जाडजूड गृहस्थ खिडकीशी आला. बळीरामांची पायाची हालचाल त्याने पाहिली असावी. "काका, टेन्शन काहून घेता? आधी दोन डाव हलकेच दाबा, तिसऱ्यात ब्रेक पक्का लागते. पास होऊन जाते गाडी."

हे बळीरामांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! त्यांनी त्याला हात जोडले, डॅशबोर्डखालून लाल पाटी काढली आणि स्टिअरिंगला अडकवली.

मी ओरडलेच. "अहो, आत्ता? दोन गाड्या राहिल्यात!"

तेवढ्यात तपासणीच्या अधिकारी बाई आल्या. तरुण होत्या, हातात यादी. "घ्या काका, आत घ्या."

"नाई घेत, मॅडम. काम बाकी आहे."

त्या पाटीकडे पाहत राहिल्या. "मग इथे कशाला आणली?"

"येताना समजलं."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "चारला बंद होतं. त्याच्या आत आणली तर पाहीन. नाहीतर अनुपस्थित लिहीन, नवी तारीख घ्यावी लागेल."

आम्ही गाडी ढकलून लिंबाखाली नेली. ढकलली दोघांनी, म्हणजे बळीरामांनी आणि त्या जाडजूड गृहस्थांनी. मी सूचना दिल्या. तिथे खरं काय ते बाहेर आलं. आदल्या दिवशी बळीरामांनी मागच्या चाकाचं ब्रेकचं रबर बदललं होतं. तसं केलं की ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा शिरते, ब्रेक नरम होतो आणि ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बारीक बोल्ट सैल करून हवा बाहेर सोडायची. बोल्ट घट्ट झाल्यावरच पेडल सोडायचं, नाहीतर बाहेर गेलेली हवा परत आत. हे काम नेहमी कांताबाई करत. पण त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला होता, डोळा लागला होता. बळीरामांनी त्यांना उठवलं नाही. पेडलवर वीट ठेवली आणि एकट्यानेच उरकलं.

कांताबाई हे ऐकून ज्या पेटल्या! "वीट? वीस वर्षं झाली, मी दाबून राहिली अन् तुमी विटेवर भरोसा केला? त्या विटेलेच घेऊन यायचं होतं आज, ह्या सीटवर बसवून."

"तुयी झोप लागली होती वं."

"तं उठवायचं होतं! मी का मेली होती?"

बळीराम गाडीखाली शिरले. तिथून उत्तर द्यावं लागत नाही.

कांताबाईंच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून पेडलवर मी बसले. खालून आवाज यायचा, "दाबा." मी दाबायची. "धरा." मी धरायची. चार वेळा ठीक झालं. पाचव्यांदा मला वाटलं, झालंच असेल, किती वेळ धरायचं, आणि मी पाय उचलला. बोल्ट अजून सैलच होता. मग बळीराम हळूच म्हणाले, "आता पयल्यापासून."

तीन वाजत आले होते.

"सरका मॅडम," कांताबाई म्हणाल्या. त्या आत बसल्या नाहीत. उघड्या दाराशी उभ्या राहिल्या, डाव्या हाताने दाराची कड धरली, काठीचं रबरी टोक पेडलवर टेकवलं आणि अंगाचा सगळा भार काठीवर टाकला. "धरला," त्या म्हणाल्या. खालून पाना फिरल्याची किरकिर, मग "सोड." "धरला." "सोड." एवढे दोनच शब्द, पाऊण तास. घाई नाही. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण 'सोड' ऐकल्याशिवाय काठी एकदाही उचलली गेली नाही. मी छत्री धरून उभी होते. मला तेवढंच काम उरलं होतं.

बळीराम बाहेर आले, आत बसले आणि ब्रेक एकदाच दाबला. मग पाटी काढली.

चारला दहा कमी असताना अधिकारी बाईंनी स्वतः गाडी चालवली, वेग घेतला आणि ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी सरळ उभी राहिली. दिवे, हॉर्न, सीटचे बोल्ट, सगळं पाहून त्यांनी कागदावर सही केली. मग विचारलं, "काका, दुपारी नुसतं दामटलं असतं तर कदाचित मला कळलंही नसतं. का थांबलात?"

"तुमीच बसणार होत्या ना आत," बळीराम म्हणाले.

पियुषचा फोन आला तेव्हा आम्ही निघालो होतो. फोन कांताबाईंनी घेतला. "पास झाली रे. पाच वर्षं पाहणं नाई. ठेव आता, तुया मावशीकडं जायचं आहे."

कोराडीला पोचेपर्यंत सहा वाजले. बहीण सकाळपासून न जेवता, कोणालाही हात न लावू देता पडून होती. कांताबाईंना पाहताच म्हणाली, "आत्ता येते का वं? शुक्रवार संपला."

"संपला नाई अजून," कांताबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाणी तापायला ठेवलं.