दसऱ्याच्या दिवशीची हवा

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो रेगे मॅडमचा. म्हणून त्यांनी बनवलेला फ्युएल सेलचा स्टॅक चाकणच्या शेडमध्ये रोज थोडा थोडा बसत चालला, तेव्हा हे त्यांना कसं कळवावं, ते मला समजेना.

मॅडम माझ्या पीएचडीच्या गाइड. मी परंड्याचा. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. युनिव्हर्सिटीतल्या पहिल्या दिवशी त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारला आणि इंग्रजीत उत्तर देताना मी पहिल्याच वाक्यात अडलो. त्या म्हणाल्या, "मराठीत सांग. मराठीतही सांगता आलं नाही, तर मग ते तुला येत नाही." मी सांगायला लागलो. मी थांबलो की त्या एकच शब्द बोलायच्या, "मग?" त्या "मग?"वर माझं सगळं शिक्षण झालं.

निवृत्त झाल्यावर त्या साताऱ्याला भावाकडे राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "अधूनमधून पत्र लिही. कागदावर. ईमेल मी नुसती चाळते."

फ्युएल सेल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. मधे एक पातळ पडदा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा बारीक थर. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने साधी हवा. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचा संयोग होतो, वीज तयार होते आणि धुराऐवजी पाणी गळतं. असे बरेच सेल एकावर एक रचले की झाला स्टॅक. आमच्या स्टॅकमधला प्रत्येक थर मॅडमनी स्वतः बसून दिला होता. लॅब सोडण्यापूर्वीचं ते त्यांचं शेवटचं काम. दुसरा स्टॅक होणार नव्हता.

चाकणच्या एका कंपनीला तो मालवाहू गाडीसाठी तपासायचा होता. कित्येक आठवडे सलग चालवायचा आणि व्होल्टेज किती टिकतं ते पाहायचं. त्यासाठी मला तिथे पाठवलं.

हायड्रोजन असल्यामुळे आमची शेड कंपाउंडच्या अगदी टोकाला, भिंतीला लागून होती. भोवती पिवळी रेघ. रेघेच्या आत मोबाइल नाही, काडेपेटी नाही, काम नसलेला माणूस नाही. फोन गेटवर जमा करायचा. सकाळी कासारवाडीच्या खोलीतून निघायचं, दिवसभर शेडमध्ये बसायचं आणि संध्याकाळी परत त्याच खोलीत. काही दिवस तर बसमध्ये "जरा सरका" म्हटलं, तेवढंच माझं बोलणं. भिंतीपलीकडे लोखंड भट्टीत तापवून ठोकणारी फोर्जिंगची कंपनी होती. तिथल्या हॅमरचा दणका बसला की शेडची काच थरथरायची. तेवढीच सोबत.

व्होल्टेज पहिल्या आठवड्यापासूनच पडायला लागलं. युनिव्हर्सिटीत टेकडीवरच्या लॅबमध्ये हाच स्टॅक छान चालला होता. मी सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले. कुठेही बुडबुडा नाही. हायड्रोजनचा सिलिंडर बदलला. फरक नाही. तापमान ठीक, ओलावा ठीक. मग आमच्याच पेंट शॉपच्या वाफेचा संशय आला. पण गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी, पेंट शॉप बंद, आणि त्या दिवशीही व्होल्टेज तसंच पडलं. तो संशयही मिटला.

मॅनेजर सबनीस साहेब रेघेबाहेर उभे राहून म्हणाले, "तुमच्या मॅडमचा स्टॅक युनिव्हर्सिटीत चालतो, आमच्याकडे चालत नाही. मी वर काय सांगू?"

"सर, कारण शोधतोय."

"दसऱ्यानंतर रिव्ह्यू आहे. तोवर सापडलं तर ठीक. नाहीतर हा काढू आणि बाहेरून मागवू."

मी मॅडमना सगळं लिहिलं, शेवटी माफी मागितली. त्यांचं उत्तर दोन ओळींचं. "व्होल्टेज पडलं तर कारण शोधावं. माफी कशाची मागतोस?"

दसऱ्याला सगळ्या औद्योगिक पट्ट्यातल्या मशिनी बंद असतात. पुसून, हार घालून त्यांची पूजा करतात. आमची ट्रायल मात्र थांबवता येत नव्हती, म्हणून मी ड्युटीवर. सकाळी मेन्टेनन्सचे फोरमन मांडेकर मामा हातात ताट घेऊन रेघेपाशी आले. ते जवळच्याच गावातले.

"सर, मशिनीला एक दिस तरी आराम द्या की."

"नाही देता येत, मामा. ट्रायल वाया जाईल."

"मंग उदबत्ती तरी?"

"तीही नाही. हायड्रोजन आहे."

"ठाव हाय. वास न्हाई, रंग न्हाई, आन् पेटला तर दिसतबी न्हाई. भुतापरीस वंगाळ! म्हनून तर तुमच्याकडं कुनी फिरकत न्हाई, राव." त्यांनी झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान रेघेवर ठेवलं. "हे तुमच्या मशिनीचं सोनं. मी निघतो, पोरं वाट बघत्यात."

ते गेले. थोड्या वेळाने मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. काहीतरी कमी होतं. मग लक्षात आलं, काच थरथरत नव्हती. शेजारची भट्टी गुरुवारीही पेटलेली असायची. आज तीही बंद होती. मी स्क्रीनकडे पाहिलं. व्होल्टेज पडायचं थांबलं होतं. दुपारपर्यंत ते थोडं वर चढलं.

शेजारची भट्टी फर्नेस ऑइलवर चालायची. त्या तेलात गंधक असतो. तो जळला की होणारा वायू आमच्या हवेच्या पाइपातून आत यायचा आणि प्लॅटिनमवर ऑक्सिजनची जागा अडवून बसायचा. स्वच्छ हवा मिळाली की त्यातला थोडा उठतो, सगळा नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली, व्होल्टेज पुन्हा पडायला लागलं. मी युनिव्हर्सिटीतून गंधक धरून ठेवणारा कोळशाचा फिल्टर आणून हवेच्या पाइपाला लावला. पडणं थांबलं.

रिव्ह्यूत सबनीस साहेबांनी फिल्टरआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून पाहिले.

"म्हणजे स्टॅक चांगला आणि आमची हवा वाईट?"

"हो सर."

"रिपोर्टमध्ये जरा वेगळ्या शब्दांत लिहा." मग हसून म्हणाले, "ट्रायल चालू ठेवा. फिल्टर गाडीच्या डिझाइनमध्येच घेऊ."

हायड्रोजनचा प्रत्येक सिलिंडर आम्ही सर्टिफिकेट पाहून घेत होतो. हवेचं सर्टिफिकेट कुणी मागितलं नव्हतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची तपासणी शेवटी होते, एवढाच धडा.

त्या संध्याकाळी मॅडमना लिहिलेलं पत्र असं होतं.

"आदरणीय मॅडम,

सा. न.

तुमच्या स्टॅकमध्ये दोष नव्हता. दोष इथल्या हवेत होता. ट्रायल पुढे चालू राहणार आहे. दोन्ही ग्राफ सोबत जोडले आहेत. आपट्याचं पानही ठेवलं आहे. ते इथल्या मांडेकर मामांनी मशिनीला दिलं होतं. ते तुमच्याकडेच असावं असं वाटलं.

दसऱ्याला व्होल्टेज चढताना दिसलं, तेव्हा कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. फोन गेटवर होता आणि कंपनीत कुणी नव्हतं. म्हणून मी शेडमध्ये एकटाच मोठ्याने बोललो. पडदा, प्लॅटिनम, भट्टी, गंधक, सगळं पहिल्यापासून, मराठीत. कुठेही अडलो नाही. सांगून झालं आणि सवयीने थांबलो.

'मग?' असं कुणी विचारलं नाही. म्हणून हे पत्र.

आपला विद्यार्थी,
दत्ता"