ताई सायकलवर बसत का नव्हत्या

माझ्या नणंदेला फसवणं अवघड, आणि तिच्याबरोबर खरेदीला जाणं त्याहून अवघड. ताई वजनमापे निरीक्षक आहेत. त्या बाजाराच्या एका टोकाला शिरल्या की दुसऱ्या टोकाला निरोप आधी पोहोचतो. तराजू पुसायला घेतले जातात, आणि ज्याच्या मनात पाप असतं तो लगबगीनं चहा सांगतो. ताई चहाला हात लावत नाहीत. पेटीतून आपली वजनं काढतात, काट्यावर ठेवतात, वाकून बघतात. काटा ठीक असला तर शिक्का, नसला तर बाद. घरातही तोच कायदा. आमचा न्हाणीघराजवळचा वजनकाटा त्या अधूनमधून तपासतात, त्यामुळे माझ्या नवऱ्याला आपल्या पोटाचा दोष यंत्रावर ढकलता येत नाही.

या बाई रविवारी डोंगराच्या माथ्यावरून सायकल खाली सोडतात, असं मी सांगितलं की लोकांना मी थट्टा करतेय असं वाटतं. गावाबाहेरच्या डोंगरावर खुर्च्यांची लिफ्ट आहे. सायकल खुर्चीमागच्या आकड्याला लटकवायची, माथ्यावर उतरायचं आणि झाडांच्या मुळांवरून, दगडांवरून, फळ्यांच्या पुलांवरून थेट पायथ्याला यायचं. त्यासाठीच्या सायकली वेगळ्या असतात. जड, रुंद हँडलच्या, पुढेमागे मोठाल्या स्प्रिंगा असलेल्या. चढावर त्या काही कामाच्या नाहीत आणि सपाट रस्त्यावर नुसत्या ओझ्याच्या. उतार हेच त्यांचं सगळं आयुष्य.

ताई या नादाला लागल्या त्याही कामापायीच. माथ्यावरच्या स्टेशनात सामान तोलायचा काटा होता, तो तपासायला त्या वर गेल्या आणि लिफ्ट बंद पडली. खाली येणाऱ्या कुणीतरी आपली जादा सायकल देऊ केली. ताई तेव्हा चाळिशीच्या होत्या, ऑफिसची साडी नेसलेल्या. पायथ्याला पोहोचल्या तेव्हा पदर कमरेला खोचलेला होता आणि एक चप्पल डोंगरातच राहिली होती. घरी येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "वरचा काटा बरोबर आहे. मला परत जायचंय."

त्याला दहाएक वर्षं झाली. गेल्या मोसमात, एका रविवारी खाली आल्यावर अंगणात सायकल धुताना त्यांना फ्रेमच्या जोडाशी एक रेघ दिसली. केसाइतकी बारीक. चिखल असेल म्हणून त्यांनी नखानं खरवडलं. चिखल नव्हता, तडा होता. ताईंनी पाण्याचा नळ बंद केला, सायकल पुसून कोरडी केली आणि उचलून मागच्या खोलीतल्या भिंतीवर टांगली. झालं ते एवढंच. पडल्या नाहीत, खरचटलंसुद्धा नाही.

मग नवी सायकल निवडायचा कार्यक्रम सुरू झाला, आणि नमनालाच घडाभर तेल जळालं. मोठं चाक की जरा लहान, धातूची फ्रेम की कार्बनची, स्प्रिंग लोखंडी की हवेची. ताई प्रत्येक दुकानात फ्रेमच्या सगळ्या जोडांवरून बोट फिरवायच्या, ब्रेकची तबकडी उजेडात धरून वाकडी आहे का बघायच्या, आणि दुकानदारानं सायकलचं वजन सांगितलं की "मोजून दाखवा" म्हणायच्या. मला सोबत न्यायच्या, कारण मी चष्म्याच्या दुकानात कामाला. "तुझी नजर बारीक आहे, चष्मेवाली," असं म्हणायच्या. खरं कारण मला वेगळं वाटायचं, पण ते काय असावं ते कळत नव्हतं.

माझा नवरा, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, या निवडीला आयता हातभार लावत होता. त्याला ताईंचं डोंगरावर जाणं कधीच पसंत नव्हतं, पण थोरल्या बहिणीला नाही म्हणायची छाती नव्हती. आता त्याला युक्ती सापडली. जेवताना हळूच सोडून द्यायचा, "ताई, घाई नको करूस. म्हणे नवीन मॉडेल येतंय." ताई मान हलवायच्या, आणि आणखी एक महिना निघून जायचा.

"तू लबाड आहेस," मी त्याला म्हणाले.

"लबाड कसला? ती घरात धड आहे ना? मग मूग गिळून गप्प बस."

मूग गिळणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय घरात धड असलेल्या ताई आम्हालाच जड जात होत्या. रविवार मोकळा मिळाल्यावर त्या स्वयंपाकघरातली मापं तपासायला लागल्या. माझी जुनी वाटी, जिच्यावर माझा सगळा संसार चालतो, तिला त्यांनी बाद ठरवलं. पूर्वी रविवारी संध्याकाळी त्या चिखलानं माखून यायच्या, भरपूर जेवायच्या, आणि कुठल्या वळणावर काय झालं ते हातवारे करून सांगायच्या. मला त्यातलं अर्धंही कळायचं नाही, पण मी ऐकत बसायचे. ते बोलणं बंद झालं होतं आणि मला त्याची फार आठवण यायची.

आमच्या दुकानात मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकेक काच धरते आणि विचारते, ही बरी की ही? बहुतेक जण पटकन सांगतात. काही जण मात्र म्हणत राहतात, परत दाखवा, अजून एकदा दाखवा. त्यांना दिसत नसतं असं नाही. नंबर वाढलाय हे ऐकायची तयारी नसते. असं गिऱ्हाईक मी कपाळाच्या आठ्यांवरून ओळखते. मग एका दुकानात ताईंनी तिसऱ्यांदा "ती लाल परत दाखवा" म्हटलं तेव्हा मी सायकल सोडून ताईंकडेच बघायला लागले.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी दुकानं फिरलो, पण ताई एकाही सायकलवर बसल्या नव्हत्या.

प्रत्येक ठिकाणी त्या मला बसवत. "तू बस, मी बाजूनं बघते." मी आपली हँडल धरून गुडघे वाकवून उभी, आणि दुकानातले लोक गालातल्या गालात हसतायत. मी खात्री करायचं ठरवलं. पुढच्या दुकानात म्हणाले, "माझा गुडघा दुखतोय, आज तुम्हीच बसा." ताईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे त्या दुकानदाराला म्हणाल्या, "तुम्ही बसा हो जरा." तो बिचारा अंगानं भारदस्त. बसला, स्प्रिंग कुरकुरली, आणि ताईंनी त्या सायकलवर फुली मारली.

शेवटी आम्ही गल्लीतल्या एका लहानशा दुकानात गेलो. पुढे सायकली, मागे दुरुस्तीचं टेबल, सगळीकडे ग्रीसचा वास. दुकानदारीण पन्नाशीची, बोटं काळी, आवाज करडा. मध्ये उभी असलेली राखाडी सायकल ताईंना आवडली. मला ते लगेच कळलं, कारण त्यांनी तिच्यात एकही खोड काढली नाही.

"वजन किती तुमचं? हेल्मेट, बूट, सगळं धरून," दुकानदारिणीनं विचारलं. "या सायकलची स्प्रिंग माणसाच्या वजनावर ठरते. स्वार उभा राहिला की ती साधारण तिसरा हिस्सा दबायला हवी. जास्त दबली तर खाली आपटते, कमी दबली तर हाडं खिळखिळी करते. या, उभ्या राहा, मी पट्टीनं मोजते."

"थांबा," असं म्हणून ताई बाहेर गेल्या. रिक्षात ठेवलेल्या पिशव्या दोन खेपांत आणल्या आणि त्यांतून लोखंडी वजनं काढायला लागल्या. एकेक करून त्यांनी ती पट्ट्यानं सायकलच्या सीटवर बांधली. आपल्या आणि सामानाच्या वजनाइतकी. बांधून झाल्यावर दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "आता मोजा."

दुकानदारिणीनं सायकल सरळ धरून ठेवली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कानावर हात ठेवले.

"बाई," ती सावकाश म्हणाली, "सायकल तुम्हाला हवीय की लोखंडाला?"

"वजन वजनच असतं."

"लोखंड ठेवलं तिथं राहतं. माणूस पुढे झुकतो, मागे सरतो, घाबरतो. मला माणूस उभा पाहिजे."

मी खाली वाकून वजनं सोडायला लागले, तर प्रत्येक वजनावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. एकीवर 'कमी', एकीवर 'जास्त', पुढे ग्रॅममध्ये आकडा.

"ही बाद झालेली वजनं आहेत?" मी विचारलं.

"ऑफिसची खासगी कामाला वापरीन का मी? ही भंगारात जाणार होती. मी पैसे भरून घेतली. प्रत्येकात किती खोट आहे ते मला माहीत आहे, त्यामुळे चालतात."

"आणि तुम्ही शिक्का मारता तो काटा? त्याच्यात खोट नसते?"

"नसायला काय झालं? बिनचूक काटा मी आजवर बघितला नाही. किती चुकला तर चालेल ते ठरलेलं असतं. त्याच्या आत असला की शिक्का."

"कायमचा?"

"कायमचा कसा? मुदत असते. मुदत संपली की परत तपासायचा." हे सांगताना त्यांना बरं वाटत होतं, कारण कामाची गोष्ट होती. मग माझा रोख त्यांच्या लक्षात आला आणि त्या उरलेली वजनं सोडून पिशव्यांत भरायला लागल्या.

मी मात्र थांबले नाही. "ताई, तुम्ही सायकलवर का बसत नाही?"

दुकानदारीण फडकं घेऊन उगाच दुसऱ्या सायकलकडे वळली. शहाणी बाई.

ताई टेबलाजवळच्या स्टुलावर बसल्या. "पडले असते तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "पडलेला माणूस उठतो तरी. मी पडलेच नाही, मग उठू कुठून? तो तडा कधीपासून होता कुणास ठाऊक. किती रविवार मी त्याच्यावर उभी राहून उड्या मारल्या. मला काही कळलं नाही गं. दुसऱ्याचा काटा केसभर हलला तर मला लांबून दिसतो, आणि माझ्याच पायाखाली..." त्यांनी नाक पुसलं. "आता कुठलीही सायकल बघितली की वाटतं, हिच्यात कुठे असेल?"

मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. इतकी हुशार बाई आणि एवढीशी गोष्ट दिसू नये.

"तडा सापडला कुणाला?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"दुकानदाराला सापडला? बाळ्याला सापडला?" ताई आपल्या भावाला याच नावानं हाक मारतात. "तुम्हाला सापडला. घरी आल्याबरोबर सायकल धुता, बोट फिरवून बघता, म्हणून सापडला. फ्रेम मोडायच्या आधी सापडला. तुम्ही तपासलंत आणि चूक पकडलीत. बाजारात हेच केलं की चहासुद्धा न पिता ताठ मानेनं निघता. इथंच मान खाली का?"

काट्याकडे बघावं तसं ताईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता वाटीसारखी मीही बाद. मग त्या उठल्या, पर्स माझ्या हातात दिली आणि राखाडी सायकलजवळ गेल्या. हँडल धरलं. एक पाय टाकला. मग दुसरा. पेडलवर उभ्या राहिल्या, गुडघे जरा वाकवले, आणि त्यांचे खांदे आपोआप पुढे आले. डोंगरावर असेच येत असणार. मी ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

दुकानदारिणीनं एका हातानं सायकल सावरून पट्टी लावली. "जरा जास्त दबतेय. एक नंबर कडक स्प्रिंग घालू."

"किती जास्त?" ताईंनी वरूनच विचारलं. आकडा ऐकून म्हणाल्या, "परत मोजा." तेव्हा मला हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी मी आणि नवरा पायथ्याशी उभे. नवरा सकाळपासून तोंड पाडून होता. दुधानं पोळलेलं तोंड बहिणीचं, पण ताक फुंकत होता हा. वरून एकेक सायकल धूळ उडवत यायची आणि प्रत्येकीला तो "ही का?" विचारायचा. ताई आल्या तेव्हा मात्र त्यानं विचारलं नाही. शेवटच्या पुलावरून त्या खाली उतरल्या, मोठं वळण घेतलं आणि आमच्यासमोर येऊन थांबल्या. हेल्मेट काढलं. चेहरा चिखलानं भरलेला, दात तेवढे पांढरे.

त्यांनी सायकल उलटी केली आणि खिशातून फडकं काढलं. मी दुकानातलं भिंग आणलं होतं, ते दिलं. उजवीकडचे सगळे जोड त्यांनी स्वतः पुसून बघितले. मग भिंग भावापुढे धरलं.

"बाळ्या, डावीकडचे तू बघ."

नवऱ्यानं भिंग घेतलं. नवं मॉडेल येतंय म्हणणारा हा माणूस गुडघ्यावर चिखलात बसला आणि एकेक जोड बघत गेला. मागे येऊन पहिल्यापासून परत बघत गेला. एवढं लक्ष देऊन त्यानं काही केलेलं मला आठवत नाही.

"काही नाही," शेवटी तो म्हणाला.

"आज नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी सायकल सरळ केली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि लिफ्टच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.