गच्चीवरचं पिंप

कंडक्टरकाका निवृत्त झाले, पण आवाज बसमधलाच राहिला. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनींची सून तापाने फणफणली, डोळ्यांमागे ठणका लागला आणि डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला, तेव्हा काकांनी अख्खी इमारत गोळा केली. दोष गटाराचाच, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. नगरपालिकेत जाऊन साहेबाला फैलावर घेतलं आणि गटार उपसून घेतलं. सगळ्यांनी पाठ थोपटली.

डबा द्यायला ते दवाखान्यात गेले. सुनेचा ताप उतरलेला पाहून म्हणाले, आता घोर मिटला. तिथल्या नर्सबाईंनी त्यांना अडवलं. लक्ष ठेवायचं ते आताच. पोटात दुखलं, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच हाक मारा, असं बजावलं. मग काकांनी गटाराची हकिकत रंगवून सांगितली.

"हा डास गटारात नाही हो वाढत," नर्सबाई म्हणाल्या. "साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. चावतोही दिवसा."

काका तडक गच्चीवर आले. झाडांसाठी भरलेलं त्यांचं पिंप तिथे उघडंच होतं. झाकण कधीच फुटलं होतं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. शेजारीच वहिनींची खिडकी. सून दिवसभर तिथे काजं-बटणं करत बसायची. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पिंप उपडं केलं, आतून खसाखसा घासलं. मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं. त्या बघण्याची त्यांना अळ्यांपेक्षा जास्त लाज वाटली.

सून बरी होऊन घरी आली. वहिनींनी काकांना चहाला बोलावलं, तुम्ही होतात म्हणून निभावलं म्हणाल्या. काकांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, गटार नव्हतं. माझं पिंप असणार. अळ्या होत्या त्यात."

वहिनी उठून मशीनवर जाऊन बसल्या. सुनेनेच हळू विचारलं, "काका, झाकण का नाही हो बसवलंत?"

आयुष्यभर मोठ्या आवाजात बोललेला माणूस मान खाली घालून जिना उतरला.

आता दर आठवड्याला ते दारोदार जातात, फ्रिजमागचं, कुंड्यांखालचं पाणी ओतायला लावतात. आधी स्वतःच्या पिंपाचं सांगतात. दरवेळी जीभ अडखळते. वहिनींचं दार वाजवायचा धीर मात्र अजून होत नाही. सूनच त्यांची चाहूल घेते आणि बाहेर येऊन रिकाम्या बादल्या दाखवते. वहिनींचं मशीन आत चालूच असतं.