जड डब्यातला रंग

१४ ऑक्टोबर, मंगळवार. पाणी सव्वासहाला आले, पाऊण तासात गेले. गुडघ्याला तेल लावले. धाकट्या जावेचा फोन. तिच्या डोळ्याचे ऑपरेशन पुढे ढकलले. साडेनऊला पेंटर आले. कामाला नव्हे. इस्त्रीचा शर्ट घातलेला. एक पत्र लिहून हवे म्हणाले. लिहून दिले. दुपारी झोप लागली नाही.

ही नोंद मी रोजच्यासारखीच केली. मिशनच्या शाळेतल्या सिस्टर्सनी लावलेली सवय आहे: दिवसाला पाच-सहा ओळी, आणि न घडलेले काही लिहायचे नाही. पण त्या पत्रामागे एका माणसाचे सबंध आयुष्य आहे आणि ते पाच-सहा ओळींत मावत नाही, म्हणून हे वेगळे कागद काढले.

पेंटर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते विशीत असताना, आपल्या वस्तादांबरोबर. आज ते त्रेसष्टचे आहेत. मधल्या काळात आमचे घर त्यांनी सहा वेळा रंगवले आणि या भागातली अर्धीअधिक घरे निदान एकदा. त्यांचे नाव मला अर्थातच ठाऊक आहे, पण गल्लीत ते कोणी वापरत नाही. त्यांची सूनसुद्धा दारावर आलेल्याला "पेंटर बाहेर गेलेत" असेच सांगते.

माणूस कामाला चोख. दाराची वरची कड शिडीवर चढल्याशिवाय कुणाला दिसत नाही, तीही ते रंगवणार. आमचे हे एकदा खालून म्हणाले, "अहो, तिथे कोण बघतंय?" पेंटर वरूनच म्हणाले, "मी बघतोय ना, साहेब." त्यानंतर ह्यांनी त्यांच्या कामात कधी तोंड घातले नाही, आणि गप्प बसणे हा काही ह्यांचा स्वभाव नव्हता.

रंग पारखायची पेंटरांची एक रीत होती. वस्तादांकडून आलेली. दुकानात डब्यावरचे नाव बघायचे नाही, चित्र बघायचे नाही. डबा उचलून वजन बघायचे. एकाच मापाच्या दोन डब्यांतला जो जड, तो खरा रंग. त्याचा एकच हात दिला तरी भिंत झाकते, पाण्याने तो उठत नाही, वर्षानुवर्षे चकाकतो. पुढे हलके रंग निघाले तेव्हा पेंटर नाक मुरडत. "हा रंग नाही बाई, रंगवलेलं पाणी आहे." जुन्या मालाचे जड डबे त्यांनी दुकानदारांच्या माळ्यांवरून हुडकून आणले आणि स्वतःच्या घरी खाटेखाली रचून ठेवले. कुणाच्या कामाला ते काढायचे नाहीत. घरच्यासाठी राखलेले.

तो जडपणा शिशाचा होता. हे त्यांना कोणी सांगितले नाही. मलाही नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांना नात झाली. मुलगा मालवाहू जहाजावर; वर्षातले नऊ महिने पाण्यावर. घरात पेंटर, सून आणि ही पोर. चालायला लागली तेव्हा भिंतीच्या कडेकडेने, हात न सोडता चालायची, म्हणून तिला मुंगी म्हणू लागले. ती जन्मायच्या आधी पेंटरांनी खाटेखालचा शेवटचा जड डबा फोडला आणि तिच्या खोलीची खिडकी रंगवली. निळी. एकाने भागले असते, पण तीन हात दिले. शेजारच्यांना हाताला धरून आणून दाखवली.

खिडकी उघडता-मिटताना चौकटीला घासायची आणि निळी भुकटी खाली खाटेवर पडायची. मुंगी खाटेवर उभी राहून चौकटीला तोंड लावायची. एकदा मला म्हणाली, "आज्जी, आमची खिडकी गोड आहे." मी हसले. त्या दिवशीच्या नोंदीत तिचे हे वाक्य आहे आणि पुढे मी लिहिले आहे: पोर बोलण्यात हुशार आहे. शिसे चवीला गोड लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षी विद्यापीठातल्या एक संशोधक बाई या भागात आल्या. पस्तिशीच्या, पाठीवर सॅक. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. जुन्या घरांच्या रंगातले शिसे लहान मुलांच्या रक्तात किती उतरते आणि घर साफ केल्यावर ते किती कमी होते, यावर संशोधन करायला त्यांना सरकारी अनुदान मिळाले होते. सहा वर्षांच्या आतले मूल असलेली साठ घरे त्यांना हवी होती. भिंतीला टेकवले की आकडा दाखवणारे, पिस्तुलासारखे दिसणारे एक यंत्र त्यांच्याकडे होते. पण तसले यंत्र हातात धरून दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी बाईला कोण आत घेणार? महिनाभरात सात घरे मिळाली.

मग कुणीतरी सांगितले म्हणून त्या पेंटरांकडे गेल्या. निळ्या खिडकीला यंत्र टेकवले. आकडा वाचून दाखवला, त्याचा अर्थ सांगितला. सून सांगते, त्या वेळी पेंटर खिडकीकडे बघतच नव्हते. आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. तो हात दोन वर्षांपासून मनगटातून लोंबतो आहे. ब्रश डाव्या हातात आला आहे. "उजवा निवृत्त झाला, डावा उमेदवारी करतोय," असे ते सगळ्यांना सांगत आणि वयावर ढकलून मोकळे होत. मॅडमनी विचारले, "काका, जुना रंग घासताना नाकातोंडाला काही बांधायचात का?"

"बांधलं तर मालकांशी बोलणार कसं?" पेंटर म्हणाले. पण हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते मॅडमबरोबर हिंडू लागले. "मीच रंगवलंय, मीच सांगतो, दार उघडा." एवढ्या बोलण्यावर एकोणचाळीस घरे उघडली. उरलेली त्यांचे बघून आली. मॅडमनी रंगाऱ्यांसाठी जे प्रशिक्षण ठेवले होते त्यात ते पहिल्या बाकावर बसत. चाळीस वर्षे कोरडे घासून, कोरडे झाडून आपण घराघरांत काय उडवत आलो, ते त्यांना तिथे कळले.

अनुदानाची एक अट होती. साठातली तीस घरे यंदा साफ करायची, तीस पुढच्या वर्षी, म्हणजे दोन्ही गटांतल्या मुलांच्या रक्ताची तुलना करता येते. फरक पडतो हे सिद्ध झाले तर हे काम सरकार सगळीकडे करील. कोणते घर कोणत्या गटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचे, आणि दुसऱ्या गटाने तोवर घर जसे आहे तसे राहू द्यायचे. संमतीचा कागद मीच पेंटरांना वाचून दाखवला होता. इथल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर चिठ्ठ्या निघाल्या. पेंटरांच्या घराला पुढचे वर्ष आले. तिथे उभ्या उभ्या ते म्हणाले, "नशीबसुद्धा सरकारी निघालं. पुढच्या आर्थिक वर्षात या म्हणतंय." लोक हसले.

जूनमध्ये मुंगीच्या रक्तातला शिशाचा आकडा साडेतीन होता. सप्टेंबरअखेर साडेचार झाला. पाचावर गेला की मूल अभ्यासातून बाहेर काढायचे. लगेच उपचार, लगेच घर साफ. पाचाच्या आत असेल तर थांबायचे.

"अर्धा आकडा वाढायची वाट बघतोय मी, बाई," पेंटर त्या मंगळवारी म्हणाले. खुर्चीच्या कडेवर बसले होते, पाठ न टेकता. "सकाळी उठून पोरीकडे बघतो आणि मनात येतं, जरा वाढू दे, म्हणजे नंबर लागेल. आजोबाच्या मनात असलं यावं का?"

"मॅडमशी बोललात?"

"बोललो. त्या म्हणाल्या, केव्हाही बाहेर पडता येतं, पहिल्याच पानावर लिहिलंय. तुम्ही वाचलं होतंत मला. तेव्हा वाटलं, हे दुसऱ्या कुणासाठी असेल."

मी त्यांना अडवले, हे इथे लिहायला हवे. मी म्हणाले, "पेंटर, तुमच्या शब्दावर लोक यात आलेत. तुम्ही निघालात की मागोमाग तेही निघतील. हा अभ्यास बुडाला तर पुढच्या किती मुलांचं नुकसान होईल." हे बोलणे मला सोपे होते. माझ्या घरात चार वर्षांचे कोणी नाही.

त्यांनी उजवे मनगट डाव्या हातात धरले. मग म्हणाले, "म्हणूनच गुपचूप निघणार नाही. तुम्ही पत्र लिहा. बाकीच्यांना मी जाऊन सांगतो."

पत्र चार ओळींचे झाले. मी त्यात 'काही अपरिहार्य कारणांमुळे' असे लिहिले होते. त्यांनी मोठ्याने वाचायला लावले आणि म्हणाले, "ते काढा. नातीसाठी, असं लिहा."

दुसऱ्या गटातल्या तीस घरांपैकी एकोणीस त्यांनी आणलेली. चार दिवसांत ते एकोणीस जिने चढले. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने त्यांना उंबऱ्यातच धरले. हे ती स्वतः मला सांगून गेली.

"आम्हाला आत लोटलंत, आणि आता स्वतः मागच्या दाराने बाहेर?"

"मागच्या दाराने गेलो असतो तर तुझ्या पुढच्या दारात कशाला उभा राहिलो असतो?"

"मग आता आम्ही काय करायचं?"

"तुझं तू ठरव. राहायचं तर राहा, तेही काही वाईट नाही. पण कोरडा झाडू आजपासून बंद. ओलं फडकं फिरव, रोज, आणि ते फडकं बाकीच्या कपड्यांत धुवू नकोस. पोराची खाट खिडकीपासून ओढून घे."

"हे आधी नाही सुचलं?"

"सुचलं होतं," पेंटर म्हणाले. "बोललो नाही."

एकोणिसांपैकी दोनच घरे अभ्यासातून बाहेर पडली. पण ओले फडके एकोणीसही घरांत सुरू झाले, आणि त्यांचे बघून शेजारच्यांतही.

सोमवारी, वीस तारखेला, मॅडम माझ्याकडे आल्या. चपला दारात काढतानाच म्हणाल्या, "काकांनी अभ्यासातून घरं फोडून नेली असती तर परवडलं असतं, आजी. त्यांनी सगळ्यांना ओलं फडकं दिलं. आता तुलना कशाशी करू? जसं होतं तसं राहिलेलं घरच उरलं नाही." मग खुर्चीत बसत म्हणाल्या, "आणि त्यांना चूक तरी कसं म्हणू? मीच शिकवलंय ते त्यांना."

मी पाणी दिले. घडले ते अनुदानाच्या कार्यालयाला त्या जसेच्या तसे कळवणार होत्या. पुढचा हप्ता थांबेल, कदाचित कामच बंद पडेल. मी विचारले, "आणि तुमचं?"

"माझं काय. पुन्हा अर्ज."

त्यांनी कळवले. त्याचे उत्तर मी हे लिहीपर्यंत आलेले नाही.

सव्वीस तारखेला, रविवारी, पेंटरांनी ती खिडकी काढली. घासायची नाही, अख्खी चौकट भिंतीतून सोडवायची असे ठरले. मनगटाने ते होणार नव्हते, म्हणून ओळखीच्या सुताराला बोलावले. नऊच्या सुमारास मॅडम आल्या, तीन मास्क, हातमोजे आणि पाणी फवारायचा पंप घेऊन.

"तुम्हाला चालतं का हे?" पेंटरांनी विचारले. "वर कळलं तर?"

"आज रविवार आहे, काका. आज मी विनाअनुदानित."

मला आत यायला मनाई होती. मी बाहेरच्या खोलीच्या दारातून बघत होते. सुतार पहारीने चौकट सैल करत होता आणि पेंटर डाव्या हाताने पाणी मारत होते, वरून खाली, सांधा न चुकवता, रंग द्यावा तसे. चौकट सुटली. ती जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळताना पेंटरांनी हातमोजा घातलेला हात तिच्यावरून फिरवला.

"वस्ताद खोटं नव्हते बोलले," ते म्हणाले. "चार उन्हाळे झाले, कुठे एक पोपडा नाही."

सुताराने दोरी आवळली.

भिंतीतल्या मोकळ्या चौकोनाला फळी ठोकली. आता खोली तीनदा ओल्याने पुसायची, मध्ये धूळ बसू द्यायची. तोवर मुंगी आणि तिची आई माझ्याकडे राहणार. माझ्या मागच्या खोलीला जन्मात ऑइल पेंट लागलेला नाही, नुसता चुना. मॅडमच्या यंत्राने तिथे काही दाखवले नव्हते. तरी पेंटरांनी मला बजावले, "पोरीला भिंतीला लागून निजवू नका."

"अहो, चुना आहे तो."

"असू दे. तरी."

जानेवारीत मुंगीचे रक्त पुन्हा तपासायचे आहे.

पाचच्या सुमारास सून तिला घेऊन आली. खांद्यावर कपड्यांची पिशवी, कडेवर पोर. आल्या आल्या मुंगीने विचारले, "आमची खिडकी कुठे नेली?"

"आजोबांनी काढली," सून म्हणाली.

"का? तिने काय केलं?"

सून माझ्याकडे बघू लागली. मी पिशवी हातात घेतली आणि दोघींना आत नेले.

त्या संध्याकाळी वहीत लिहिले: मागच्या खोलीत दोन गाद्या घातल्या. उशीचा एक अभ्रा कमी पडला. जुन्या चादरीचा शिवला.