चाकांच्या पिना आणि मॅव्हिस टॉलेफ्सन

मॅव्हिस टॉलेफ्सन गावात कुणाला फारशी आवडत नसे आणि तिचं त्यावाचून काही अडत नसे. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची, पण प्रार्थनेनंतर कॉफीला थांबायची नाही. "कॉफी पाणचट आणि गप्पा त्याहून पाणचट," म्हणायची. माझ्याशी तेवढी बोलायची. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा बर्फातून गाडी चालवायला तिनंच मला शिकवलं होतं, माझ्या अंगावर ओरडत.

गावाबाहेर मक्याच्या शेतांना लागून आमचा विमानतळ आहे. तिथे महायुद्धातलं एक डाकोटा विमान आहे आणि गावातलीच माणसं ते फुकट राबून सांभाळतात. कुणी तेल पुसतं, कुणी पत्रा ठोकतं. मॅव्हिसकडे पिना होत्या. विमान उभं असताना चाकांचे पाय मिटू नयेत म्हणून दोन्हीकडे एकेक लोखंडी पिन घालतात. पिनेला लांब लाल फीत असते. उडायच्या आधी पिना काढायच्या, विमानासमोर उभं राहून वैमानिकाला उंच धरून दाखवायच्या. त्यानं अंगठा वर केला की बाजूला व्हायचं, मगच इंजिन सुरू. आमचा वैमानिक थर्लो पिना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशालाही हात लावत नाही.

एअर शोच्या दिवशी सगळं गाव कुंपणाशी उभं असायचं आणि मॅव्हिस विमानासमोर हात वर करायची. फिती दर हिवाळ्यात घरी नेऊन धुवायची, उसवलेल्या शिवायची. दुसरं कसलंच कौतुक तिला नको असायचं. ती जागा मात्र हवी असायची.

त्या वर्षी विमान सांभाळणाऱ्या आमच्या पथकाचा प्रमुख डुएन हाफनर यानं तिला सगळ्यांदेखत सांगितलं, "मॅव्हिस, यंदा तू टी-शर्टच्या टेबलावर. पिना मी बघतो."

"का? तुझे हात रिकामे आहेत म्हणून?"

"तुझे गुडघे गेलेत म्हणून. मागच्या वर्षी तू बाजूला होईपर्यंत थर्लो ताटकळत बसला होता. उद्या पंख्यासमोर पडलीस तर तुला गोळा कोण करणार?"

"तू नको करूस. तुला वाकता कुठे येतं!"

लोक हसले. डुएन हसला नाही. पण त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

शोच्या सकाळी मॅव्हिस निमूट टेबलावर आली. पॅनकेकच्या रांगेतल्या लोकांना टी-शर्ट विकत होती, म्हणजे त्यांच्यावर खेकसत होती. "हा तुला होणार नाही. पोट बघ." आयाबाया पोरांना घेऊन विमानाच्या आत चढत होत्या, उतरत होत्या. दुपारी शिडी काढली. राष्ट्रगीत संपता संपता विमान डोक्यावरून जायचं होतं, म्हणून थर्लो आत जाऊन बसला. डुएन चाकाखाली वाकला आणि तसाच धावत आमच्याकडे आला.

"पिना कुठे आहेत?"

मॅव्हिसनं घड्या घालणं थांबवलं नाही. "तू बघणार होतास ना?"

"चाकांत नाहीत. थर्लो म्हणतो, हातात दाखवा, नाहीतर मी हलत नाही. मॅव्हिस, दे!"

"देते ना. पण दाखवणार मी."

तिनं एप्रनच्या खिशातून लाल फिती बाहेर ओढल्या. डुएन त्यांच्याकडे बघतच राहिला.

"कधी काढल्यास?"

"सकाळी. तुम्ही सगळे खायला बसला होतात तेव्हा."

"सकाळी?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "अगं बाई, पोरं चढत होती आत. सकाळपासून. पिनांशिवाय."

"चाकांची आतली कडी लागलेली होती," मॅव्हिस म्हणाली.

"कडीवर भरवसा असता तर पिना कशाला घातल्या असत्या? हे तूच आम्हाला शिकवलंस ना?"

तिनं फिती मुठीभोवती घट्ट गुंडाळल्या. मी मनात देवाचं नाव घेतलं.

डुएननं हात पुढे केला. तिनं पिना दिल्या नाहीत. टेबलाला धरून उठली आणि गवतातून चालू लागली, हळूहळू, गुडघे दाबत. तो मागून ओरडत होता, "ही शेवटची! ऐकतेयस? शेवटची!" तिकडे राष्ट्रगीत सुरू झालं आणि संपलंही. लोकांनी आभाळाकडे पाहिलं. वर काहीच नव्हतं. मॅव्हिसनं पिना उंच धरल्या. थर्लोनं अंगठा दाखवला. बाजूला व्हायला तिला फार वेळ लागला. कुंपणाशी कुणीतरी म्हणालं, "हाकला त्या म्हातारीला." ते तिला ऐकू गेलं असणार.

पथकाच्या बैठकीला ती गेलीच नाही. पिना तिनं माझ्या हाती परत पाठवल्या, नुसत्या. फिती उसवून घेतल्या होत्या. "कापड माझं होतं," म्हणाली. मी म्हटलं, "मॅव्हिस, पोरांना काही झालं असतं तर?" तिनं माझ्या तोंडावर दार लावलं. पुढचे कित्येक रविवार चर्चमध्ये ती पहिल्या बाकाऐवजी शेवटच्या बाकावर बसत होती.

पुढच्या शोला ती घडीची खुर्ची घेऊन कुंपणाशी बसली, अगदी विमानासमोर. शेजारी कुणी बसलं नाही. मी बसले. डुएननं पिना काढल्या, थर्लोला दाखवल्या. मग वळला आणि कुंपणाकडे तोंड करून नव्या नारिंगी फितींच्या त्या दोन्ही पिना हात ताठ करून तिच्यासमोर हलवल्या. बघ, आहेत!

मॅव्हिसनं डोळे बारीक केले.

"दोन्ही आहेत," ती म्हणाली. "आता बाजूला हो, गाढवा."

पलीकडे दुसऱ्या एका विमानाची इंजिनं सुरू झाली होती. त्याला ते ऐकू गेलं नाही.